आधी गाणं पळतं, मग चित्र संथ होतं: व्हिडिओ ॲपमध्ये शिकवायचं कसं?

छोट्या व्हिडिओंच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या कडेला वेग बदलायचं एक बटण असतं. स्लो मोशनमध्ये केस उडवत गाणं म्हणायचंय, म्हणून कुणीतरी त्यावर पहिल्यांदाच ०.५ निवडतं. रेकॉर्डिंग सुरू होतं आणि गाणं चक्क दुप्पट वेगाने पळायला लागतं. निवडलं हळू आणि वाजतंय भराभर! ॲप बिघडलंय असं समजून माणूस ते बंद करतो आणि त्या बटणाला बहुधा पुन्हा हात लावत नाही.

ॲप मात्र बरोबर वागत असतं. संथ चित्रात ओठ गाण्याशी जुळायचे असतील, तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगानेच वाजवावं लागतं. माणूस त्या वेगाने ओठ हलवतो. मग चित्र निम्म्या वेगाने दाखवलं की ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात, आणि केस मात्र संथ उडतात. सिनेमाच्या गाण्यांमध्ये स्लो मोशनचे शॉट असेच घेतले जातात.

हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. ते अर्धं मिनिट कधी, कुठे आणि कशा रूपात द्यायचं, हे ठरवणं म्हणजे ट्यूटोरियल डिझाइन करणं. ॲप पहिल्यांदा उघडल्यावर सांगितलं तर ते कुणाच्या डोक्यात राहणार नाही, कारण तेव्हा तो प्रश्नच पडलेला नसतो. मदत विभागात तिसऱ्या पानावर लिहून ठेवलं तर तिथवर कुणी पोचणार नाही. ०.५ वर बोट पडलं त्याच क्षणी एक ओळ आणि तीन सेकंदांचा नमुना दिसला, "गाणं आता भराभर वाजेल, तुम्हीही तसंच म्हणा, नंतर सगळं संथ होईल", तर गोष्ट कायमची समजते.

तरीही अजून बहुतेक ॲप पहिल्या दिवशीच चार-पाच पडदे दाखवतात. हे संगीत, हे इफेक्ट, हा टायमर. खाली 'पुढे', कोपऱ्यात 'वगळा'. लोक 'वगळा' दाबतात आणि त्यांचं काही चुकत नाही. १९८०च्या दशकात आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर मजकूर लिहायला (वर्ड प्रोसेसिंग) शिकणाऱ्या लोकांच्या शेजारी बसून हेच पाहिलं होतं. जाडजूड मार्गदर्शक पुस्तिका समोर असूनही लोक ती क्रमाने वाचत नसत. ते थेट कामाला हात घालत, अडकत, काहीतरी दाबून बघत. कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ साली या वागण्याची नीट मांडणी केली: माणसाला हातातलं काम पुढे न्यायचं असतं. आत्ता थोडं शिकून घेतलं तर पुढे वेळ वाचेल हे पटत असूनही तो थांबून शिकत नाही.

कॅरल यांनी यावर लोकांना शिस्त लावायचा उपाय शोधला नाही. त्यांनी पुस्तिकाच छाटली. पहिल्या पानापासून खरं काम द्यायचं, प्रस्तावना उडवायची आणि चूक झाली तर परत कसं यायचं हे मात्र सविस्तर लिहायचं. या छोट्या पुस्तिकेवर लोक लवकर आणि चांगलं शिकले. व्हिडिओ ॲपच्या धड्याला हाच पाया पुरतो असं माझं ठाम मत आहे: शिकणाऱ्याच्या हातात पहिल्या काही मिनिटांत स्वतःचा, कुणाला तरी दाखवावासा वाटेल असा एक छोटा व्हिडिओ पडला पाहिजे. शिकणं त्या खटपटीत आपोआप होतं.

पण धडा लिहायच्या आधी एक काम असतं, ते म्हणजे शिकवायची गरजच कमी करणं. २०१३च्या जानेवारीत आलेल्या व्हाइन या ॲपने हे फार सुंदर केलं होतं. व्हिडिओ जास्तीत जास्त सहा सेकंदांचा. पडद्यावर बोट ठेवलं की शूटिंग सुरू, उचललं की बंद, पुन्हा ठेवलं की पुढचा तुकडा जोडला जाणार. कॅमेरा आणि एडिटिंग दोन्ही एका बोटात. बोट उचलून ठेवलं की मधला वेळ गळून जातो, हे कळायला धडा लागत नव्हता. हातातला पेला क्षणात नाहीसा करायची युक्ती लोकांना खेळता खेळता सापडत होती.

ही युक्ती सिनेमाइतकीच जुनी आहे. १८९६ साली पॅरिसच्या ऑपेरा चौकात शूटिंग करताना जॉर्ज मेलिएस यांचा कॅमेरा मध्येच अडकला. पुन्हा सुरू होईपर्यंत रस्त्यावरची वाहनं पुढे गेली होती, आणि फिल्म पाहताना एका बसची अचानक शववाहिका झालेली दिसली, असं त्यांनीच पुढे सांगितलंय. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेऊन टिपली आणि भांडवल उभं करण्यासाठी ती लोकांना दाखवली. कॅमेरा थांबवायचा, समोरचं बदलू द्यायचं, पुन्हा सुरू करायचा. क्रिएटिव्ह व्हिडिओंमधल्या निम्म्या करामती या एका कृतीतून निघतात, म्हणून नवख्या माणसाचा पहिला धडा मी हाच ठेवेन. डोक्यावरची टोपी चुटकीसरशी गायब.

आता हा धडा जवळून पाहू, कारण सगळी मेख बारकाव्यांत आहे.

ऐकायला तीनच पायऱ्या. टोपी घालून चुटकी वाजवा, रेकॉर्डिंग थांबवा. टोपी काढा. त्याच जागी उभं राहून पुन्हा चुटकी वाजवा. प्रत्यक्षात नवखा माणूस हे करतो तेव्हा टोपी गायब होण्याआधी त्याचं डोकं हलतं, खोलीही जरा सरकते, आणि जादूऐवजी नुसता झटका दिसतो. फोनचा व्हिडिओ साधारणपणे सेकंदाला ३० फ्रेमचा असतो. चुटकीच्या आधीच्या शेवटच्या फ्रेममध्ये आणि नंतरच्या पहिल्या फ्रेममध्ये टोपी सोडून बाकी सगळं जागच्या जागी असलं पाहिजे. बटण दाबताना फोन किंचित हलतोच, म्हणून ॲपने प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांच्या काही फ्रेम गुपचूप छाटाव्यात. ते माणसाला शिकवायची काही गरज नाही.

डोकं परत त्याच जागी आणायला एक जुना, उत्तम उपाय आहे. आधीच्या तुकड्याची शेवटची फ्रेम कॅमेऱ्याच्या चित्रावर पुसट दाखवायची. माणूस आपल्याच सावलीत उभा राहतो आणि खांद्याला खांदा जुळवतो. व्हाइनने हे 'घोस्ट' नावाने दिलं होतं, इन्स्टाग्राम रील्समध्ये 'अलाइन' नावाने आहे. हे साधन असतं, पण बटणांच्या गर्दीत ते कुणी शोधत नाही. धड्यात ते दुसऱ्या तुकड्याच्या वेळी न मागता सुरू झालं पाहिजे.

फोन हलला का, हे जायरोस्कोप या फोनचं वळणं मोजणाऱ्या सेन्सरवरून कळतं. मात्र स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोप बऱ्याचदा नसतोच. तिथे मागच्या भिंतीच्या, दाराच्या चौकटीच्या कडा आधीच्या फ्रेमशी ताडून पाहाव्या लागतात. आणखी एक गोष्ट हटकून विसरली जाते: उजेड. किती प्रकाश घ्यायचा (यालाच एक्स्पोजर म्हणतात), हे फोनचा कॅमेरा दर क्षणाला स्वतः ठरवतो. काळी टोपी काढली की चित्र उजळतं किंवा मंदावतं, आणि सगळं जुळूनही कट, म्हणजे दोन तुकड्यांचा जोड, उघडा पडतो. धडा सुरू असताना ॲपने एक्स्पोजर आपणहून लॉक केलं पाहिजे. पहिल्याच धड्यात नवख्या माणसाला एक्स्पोजर समजावत बसू नये. ते पाचव्या-सहाव्या धड्याचं काम, आणि तेव्हा तो स्वतःच विचारेल.

सूचना कुठे लिहायच्या, हेही वाटतं तितकं सोपं नाही. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून माणूस सहा-सात फूट लांब उभा असतो. तिथून बारीक अक्षर वाचता येत नाही. मग सूचना आवाजात द्यावी, तर तो आवाज माइकमध्ये जाऊन व्हिडिओत उतरतो. म्हणून बोलायचं ते रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी. रेकॉर्डिंग चालू असताना पडद्यावर फक्त मोठा आकडा किंवा पडदाभर रंग, बस. हिरवा झाला की चुटकी, लाल झाला की पुतळा. टेबलावर बसून, फोन हातात धरून ॲप तपासणाऱ्या टीमला ही अडचण दिसत नाही. त्यांनी एकदा फोन कपाटावर ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जावं.

नाचाच्या धड्यात आरशाचा घोळ असतो. सेल्फी कॅमेऱ्यात आपण स्वतःला आरशासारखे उलटे दिसतो. पडद्यावर शेजारी शिकवणारी मात्र सरळ दिसत असेल, तर तिने उजवा हात उचलल्यावर शिकणाऱ्याचा डावा वर जातो. लेझीमच्या पवित्र्यासारख्या, एका बाजूला झुकणाऱ्या हालचालीत तर पुरता गोंधळ उडतो. शिकवणारीचं चित्रही उलटं करून दाखवलं की तो मिटतो. आणि सराव संथ गतीत असेल तेव्हा गाण्याचा वेग कमी करताना त्याचा सूर खाली पडू देऊ नये. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद, म्हणजे १५ फ्रेम मिळतात. निम्म्या वेगात ३० मिळतात, आणि तेवढ्यात पाय कुठे टाकायचा हे नवख्यालाही सुचतं.

धड्याकडे येण्याची वाट हाही महत्त्वाचा विषय. म्युझिकली हे ॲप काढणारे ॲलेक्स झू आणि लुयू यांग यांनी त्याआधी शिक्षणाचे छोटे व्हिडिओ बनवायचं ॲप काढलं होतं. ते चाललं नाही. २०१४ साली त्यांनी मोर्चा गाण्यांकडे वळवला, आणि ते ॲप इतकं वाढलं की २०१७ मध्ये बाइटडान्स या चिनी कंपनीने विकत घेऊन पुढच्या वर्षी टिकटॉकमध्ये विलीन केलं. करमणुकीसाठी फोन उघडणारा माणूस 'शिका' नावाच्या कप्प्यात जात नाही, असा मी यातून अर्थ काढतो. पण आत्ताच पाहिलेला व्हिडिओ आपल्याला जमेल का, ही उत्सुकता प्रत्येकाला असते. म्हणून धड्याचं दार त्या व्हिडिओच्या खालीच हवं: "हे कसं केलं?" दाबलं की कॅमेरा उघडावा आणि पहिली पायरी समोर यावी.

कॅमेऱ्याची परवानगीही तेव्हाच मागावी. ॲप उघडल्या उघडल्या कॅमेरा, माइक, फोटो असं एकामागून एक मागत सुटलं की लोक बिचकतात. अँड्रॉइड ११ पासून एखाद्या परवानगीला दोनदा नकार मिळाला की ॲपला ती पुन्हा विचारताच येत नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते, आणि नवखा माणूस तिथपर्यंत जात नाही.

टेम्पलेटबद्दल माझं मत थोडं कडक आहे. तयार साच्यात चार फोटो टाकले की व्हिडिओ तयार, ही सोय चांगली आहे, आणि लग्नाच्या वाढदिवसाला ती कामी येते. पण शंभर टेम्पलेट वापरूनही कट कुठे मारायचा हे कळत नाही, कारण तो निर्णय साच्याने आधीच घेतलेला असतो. भाकरी शिकवणारी आई पहिल्यांदा पोरीच्या हातावर हात ठेवून थापते, मग नुसती शेजारी बसते, मग चुलीपुढून उठून जाते. धड्याने असंच मागे सरलं पाहिजे. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली लहान मुलांना लाकडी ठोकळे रचायला शिकवताना हीच पद्धत टिपली होती: जेवढं अडतंय तेवढाच आधार, जमायला लागलं की आधार कमी. आपल्या टोपीच्या धड्यात पहिल्या वेळी सावली आपोआप दिसेल. दुसऱ्या वेळी तिचं बटण नुसतं लुकलुकेल. तिसऱ्या वेळी काहीच होणार नाही, फक्त अडखळल्यावर हळूच आठवण मिळेल.

बाकीच्या बटणांचं काय करायचं, यावरही कॅरल यांच्याकडेच उत्तर आहे. १९८४ साली त्यांनी आणि कॅरोलिन कॅरिथर्स यांनी मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधली अवघड कामं नवख्यांसाठी बंद करून पाहिली. ती दिसत, पण दाबली तर आत्ता उपलब्ध नाही एवढंच सांगत. लोक कमी भरकटले आणि लवकर कामाला लागले. धड्यात बटणं लपवण्यापेक्षा मंद करावीत ती याचसाठी. लपवलेलं बटण उद्या एकदम उगवलं तर माणसाला पुन्हा नव्याने घर लावावं लागतं.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर धडा म्हणजे पायऱ्यांची एक यादी. प्रत्येक पायरीला एक वाक्य, एक छोटा नमुना, ती पूर्ण झाली हे ओळखायची अट, अडकल्यावर किती वेळाने इशारा द्यायचा तो आकडा, आणि बाहेर पडायची वाट. ओळखायची अट सर्वांत अवघड, आणि तिथे सढळ असावं. खांदा बोटभर सरकला म्हणून ॲपने 'पुन्हा करा' म्हणू नये. "जमलं. अजून नीट हवं असेल तर हा तुकडा परत घ्या" एवढं म्हणावं आणि निर्णय शिकणाऱ्यावर सोडावा. मध्येच फोन वाजतो, दाराची बेल वाजते, कमी मेमरीचा फोन मागे गेलेलं ॲप बंद करून टाकतो. म्हणून प्रत्येक तुकडा घेतल्या घेतल्या फोनमध्ये जतन व्हावा आणि परत आल्यावर त्याच पायरीवर सुरुवात व्हावी. सरावाचा व्हिडिओ आपोआप सगळ्यांना दिसता कामा नये. तो मसुद्यात पडावा. शिकणाऱ्यांत मुलं बरीच असतात, आणि २०२१च्या जानेवारीत टिकटॉकनेही १३ ते १५ वर्षांच्या मुलांची खाती मुळातच खासगी ठेवायला सुरुवात केली.

मराठी धड्यांकडे वेगळं लक्ष लागतं. टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेर आपल्याकडे बंदी आली, आणि नंतर मोज, जोशसारखी देशी ॲप, रील्स आणि शॉर्ट्स यांनी ती जागा घेतली. मराठी पडदे त्यांतही आहेत. पण इंग्रजी अक्षरांच्या उंचीवर बेतलेल्या चौकटीत देवनागरी घातली की वरची वेलांटी आणि रफार कापला जातो, खालचा उकार गायब होतो. मोठ्या अक्षरांत, चित्रावर तरंगणाऱ्या सूचनेत हे फारच खटकतं. शब्दही घरातले हवेत. "उपकरण स्थिर पृष्ठभागावर स्थापित करा" वाचून माणूस दोन सेकंद थबकतो. "फोन डब्याला टेकवून ठेवा" वाचलं की हात आपोआप डब्याकडे जातो. आवाजातली सूचना मराठी बोलणाऱ्या माणसाने म्हणावी. यंत्राचा सपाट सूर ऐकून शिकायचा उत्साह मावळतो, असं मला वाटतं.

धडा चालतोय की नाही, हे 'किती जणांनी पूर्ण केला' यावरून ठरवू नये. धडा पूर्ण करणारे मुळातच हौशी असतात. ते धडा नसता तरी व्हिडिओ बनवत राहिले असते. खरी तुलना करायची तर नव्या लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, एकाला धडा दाखवायचा, दुसऱ्याला नाही, आणि आठवड्याभराने पाहायचं: कुठल्या गटातल्या लोकांनी कुणाच्याही मदतीशिवाय, स्वतःहून, कट मारलेला व्हिडिओ बनवला? पायरीगणिक गळती कुठे होते तेही पाहावं, पण कारण आकड्यांत सापडत नाही. त्यासाठी ॲप कधीच न वापरलेल्या माणसाच्या हातात फोन द्यावा, शेजारी बसावं आणि तो अडला तरी बोलू नये. त्याचं बोट कुठे घुटमळतं ते टिपून घ्यावं.

शेवटी देखभाल. ॲपचा पडदा दर काही आठवड्यांनी बदलतो. टायमर उजवीकडून खाली जातो, संगीताचं बटण वर चढतं. स्क्रीन रेकॉर्डिंग करून बनवलेला धडा त्याच दिवशी शिळा होतो. म्हणून धड्याने पडद्यावरच्या जागेकडे बोट दाखवू नये, बटणाला कोडमध्ये दिलेल्या नावाला धरून राहावं, म्हणजे बटण हललं तरी बाण त्याच्या मागे जातो. प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी सगळे धडे आपोआप चालवून बघणारी एक चाचणी हवी, आणि ती दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवरही चालली पाहिजे. एखाद्या पायरीचं बटण सापडलं नाही, तर तो धडा व्हिडिओखालून आपसूक उतरावा आणि टीमला त्याच दिवशी कळावं.